घंटा कोणासाठी, आणि ‘दी’ म्हणजे कोण: एका तौलनिक निबंधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्रजी साहित्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं हे प्रकरण. तिची परवानगी घेऊन लिहिते आहे; नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी तिला शिकवत नव्हते. निबंधाचा खर्डा कुणाला तरी दाखवायचा होता, म्हणून ती माझ्याकडे आली.

काम असं होतं: अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘फॉर हूम द बेल टोल्स’ ही कादंबरी आणि सतराव्या शतकातला इंग्रज कवी-धर्मगुरू जॉन डन याचं सतरावं ‘मेडिटेशन’ यांतल्या आशयसूत्रांची तुलना. शब्दमर्यादा पंधराशे, मुदत तीन आठवडे. माझ्याकडे आली तेव्हा त्यातले नऊ दिवस उरले होते.

या दोन मजकुरांची जोडी का लावतात, हे पुस्तक उघडताच कळतं. 1940 साली आलेल्या कादंबरीचं नावच डनच्या त्या चिंतनातलं आहे आणि सुरुवातीला त्यातला उताराही दिला आहे. कोणताही माणूस स्वतःपुरतं बेट नसतो. समुद्रानं मातीचं एक ढेकूळ ओढून नेलं तरी युरोप तेवढा उणा होतो. म्हणून घंटा कोणासाठी वाजते हे विचारायला माणूस धाडू नकोस. डनने हे 1623 च्या अखेरीस, जिवावरच्या दुखण्यात अंथरुणावर पडलेला असताना लिहिलं. तेव्हा तो लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा डीन, म्हणजे तिथला प्रमुख धर्मगुरू होता. हे चिंतन ज्यात आहे ते डनचं पुस्तक 1624 मध्ये छापलं गेलं. त्यात तेवीस प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाचे तीन भाग: चिंतन, देवाशी घातलेला वाद आणि प्रार्थना. सतरावं मेडिटेशन म्हणजे सतराव्या प्रकरणातला पहिला भाग, जेमतेम दोन-तीन पानांचा.

अडचण

तिचा पहिला खर्डा वाचून मी पाच मिनिटं काहीच बोलले नाही. भाषा स्वच्छ होती, परिच्छेद नीट पाडलेले होते, पण सगळा निबंध एकाच वाक्याभोवती फिरत होता: दोन्ही लेखक माणूस एकटा नसतो असं सांगतात. पहिला परिच्छेद मृत्यूवर, दुसरा एकात्मतेवर, तिसरा त्यागावर. प्रत्येकात आधी डनचं एक वाक्य, मग ‘त्याचप्रमाणे’ आणि मग कादंबरीतला एक प्रसंग. ‘त्याचप्रमाणे’ मी मोजले. अकरा होते.

शिवाय एक गंमत होती. प्रस्तावनेत तिने मेडिटेशन म्हणजे ध्यान असं धरून मनःशांतीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. डनच्या त्या पानांत शांती शोधून सापडत नाही. तिथे तापाने फणफणलेला माणूस शेजारच्या चर्चची घंटा ऐकतो आहे आणि ती आपल्यासाठी तर नाही ना, या शंकेनं त्याचं डोकं पळत सुटलं आहे. मराठीत त्याला ‘चिंतन’ म्हणावं, ‘ध्यान’ नव्हे. चार ओळी गेल्या, त्यांचं तिला वाईट वाटलं नाही.

खरी अडचण मात्र दुसऱ्या प्रश्नाने उघड झाली. मी विचारलं, “डनचं चिंतन कुठून वाचलंस?”

“कादंबरीच्या सुरुवातीला आहे ना मॅडम, तेच.”

म्हणजे तुलना ज्या दोन मजकुरांची करायची, त्यातला एक तिने वाचलेलाच नव्हता. तिने वाचला होता हेमिंग्वेने कापून घेतलेला तुकडा. साहजिकच त्या तुकड्यातलं सगळं कादंबरीशी जुळत होतं. कापणाऱ्याने जुळेल एवढंच घेतलं होतं.

समोरचे पर्याय

हातात नऊ दिवस होते, त्यात तिची दुसरी दोन कामं. आम्ही बसून तीन वाटा मांडल्या.

पहिली वाट म्हणजे आहे तो खर्डा घासूनपुसून द्यायचा. ‘त्याचप्रमाणे’ कमी करायचे, अवतरणं वाढवायची. पास होण्याइतके गुण नक्की मिळाले असते आणि मी ही वाट तिला मनापासून सांगितली, कारण प्रत्येक निबंध काही जीव ओतायच्या लायकीचा नसतो.

दुसरी: अर्धा निबंध डनवर, अर्धा हेमिंग्वेवर आणि शेवटी एक जोड परिच्छेद. लिहायला सोपं, वाचायला कंटाळवाणं. परीक्षकाला तुलना स्वतःच्या डोक्यात करावी लागते. ही वाट तिनेच पुसली.

तिसरी: चिंतन पूर्ण वाचायचं आणि हेमिंग्वेने कात्री कुठे चालवली तिथून सुरुवात करायची. धोका असा की वाचल्यावर काहीच हाती लागलं नाही तर तीन दिवस फुकट. तिने ही निवडली, पण स्वतःला एक अट घालून: दोन दिवसांत मुद्दा दिसला नाही तर पहिल्या वाटेवर परत. मला ती अट फार आवडली. मी तिच्या वयात अशी अट कधी घातली नाही आणि त्याचे परिणाम भोगले.

काय केलं: पूर्ण चिंतन

चिंतन कादंबरीतल्या उताऱ्याच्या बरंच आधी सुरू होतं आणि त्याच्या नंतरही चालू राहतं. आधीच्या भागात दोन गोष्टी तिला सापडल्या.

एक, अगदी पहिलंच वाक्य. ज्याच्यासाठी ही घंटा वाजते आहे तो कदाचित इतका आजारी असेल की ती आपल्यासाठी वाजते आहे हे त्यालाच कळत नसेल. इथे कुणी मेलेलं नाही, मरणाला टेकलेल्या माणसासाठी घंटा वाजते आहे. तिने इतके दिवस ती मेलेल्याची घंटा धरली होती. हे कळल्यावर ती कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणाकडे गेली. तिथे पिलार ही गनिमी टोळीतली बाई रॉबर्ट जॉर्डनचा, म्हणजे स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकन नायकाचा, तळहात बघते, काहीतरी दिसतं, हात सोडून देते आणि काय दिसलं ते सांगत नाही. पिलारला कळलेलं असतं, ज्याचं मरण त्यालाच ते सांगितलं जात नाही. दोन मजकुरांमधला हा तिने स्वतः शोधलेला पहिला धागा आणि त्यात ‘एकात्मता’ हा शब्द कुठेही नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तकाची उपमा. सगळी मानवजात एकाच लेखकाचा एकच ग्रंथ आहे. माणूस मरतो तेव्हा त्या ग्रंथातलं प्रकरण फाडलं जात नाही, त्याचं अधिक चांगल्या भाषेत भाषांतर होतं. देवाकडे भाषांतरकार बरेच आहेत, कुणी म्हातारपण, कुणी आजार, कुणी युद्ध. ‘युद्ध’ या शब्दाखाली तिने दोन रेघा मारल्या.

मग उताऱ्यानंतरचा भाग. हेमिंग्वेचा तुकडा ‘ती तुझ्यासाठीच वाजते’ इथे थांबतो. डन थांबत नाही. तो पुढे म्हणतो की दुसऱ्याचं दुःख आपल्या अंगावर घेणं म्हणजे दुःखाची भीक मागणं नव्हे, कारण दुःख हा ठेवा आहे आणि तो कुणाकडेच पुरेसा नसतो. पण नुसतं सोनं खिशात असून प्रवासात चालत नाही, त्याचं नाणं पाडावं लागतं. शेजाऱ्याची घंटा ऐकून मी देवाकडे वळलो, तर त्याच्या पोटातल्या खाणीतलं सोनं माझ्या कामी आलं. चिंतन संपतं ते देवापाशी, आपला एकमेव आधार म्हणून.

हेमिंग्वेने हे सगळं गाळलं. तिने विचारलं, “म्हणजे देव गाळला?”

मी म्हटलं, “कादंबरीत तो कुठे आहे ते बघ.”

तिसऱ्या प्रकरणात आन्सेल्मो हा म्हातारा वाटाड्या जॉर्डनशी माणसं मारण्याबद्दल बोलतो. आपल्याकडे आता देव राहिला नाही, मग माफ कोण करणार, असा त्याचा प्रश्न आहे. देवाची त्याला उणीव भासते, कारण तो श्रद्धेतच वाढला. पण आता माणसाने स्वतःलाच जाब द्यायचा. कात्री नेमकी कुठे चालली ते या संवादात दिसतं. डनच्या शेवटच्या ओळी कापल्यावर जी मोकळी जागा राहते, तिच्यातच हा म्हातारा उभा आहे. दुसरा दिवस संपायच्या आत मुद्दा दिसला आणि पहिल्या वाटेवर परतायची वेळ आली नाही.

एक चूक, माझी

तिसऱ्या दिवशी मला एक कल्पना सुचली आणि ती तिला सांगायचा मोह मला आवरला नाही. डनकडे बेट आणि खंड, हेमिंग्वेकडे पूल. दोन तुकडे जोडणारी वस्तू म्हणजे पूल आणि नायकाचं काम काय, तर तो उडवायचा! केवढा सुंदर विरोधाभास! तिचेही डोळे चमकले. तिने दोन दिवस खर्चून त्यावर चारशे शब्द लिहिले.

ते वाचताना माझ्या लक्षात आलं की त्यात एकही गोष्ट मजकुरातून आलेली नाही. डनने पुलाचा उल्लेख केलेला नाही. कादंबरीतला पूल हा सेगोव्हियाच्या डोंगरातला, 1937 च्या मे महिन्यातल्या हल्ल्याच्या वेळी शत्रूची कुमक अडवण्यासाठी उडवायचा पोलादी पूल आहे. त्याच्यावर मानवजातीचं भवितव्य फिरू शकतं असं जॉर्डनच्या मनात एकदा येतं खरं, पण ते युद्धाबद्दल आहे, बेटांबद्दल नाही. रूपक माझं होतं आणि मी ते दोन मेलेल्या लेखकांच्या गळ्यात बांधलं होतं.

तिला तसं सांगणं मला जड गेलं. ती म्हणाली, “मॅडम, पण डनला पूल लागतच नाही ना? त्याची जमीन आधीच एकसंध आहे.”

पुढे तेच निबंधाचं प्रतिपाद्य झालं. चारशे शब्द गेले, हे एक वाक्य राहिलं. ते तिने असं नीट केलं: डनकडे माणसामाणसातलं नातं आधीपासून असतं, घंटा फक्त त्याची आठवण करून देते; हेमिंग्वेकडे ते नातं तीन दिवसांत जुळवावं लागतं आणि जुळल्यावरही हातातली बंदूक खाली येत नाही.

‘तुमच्यासाठी’ की ‘तुझ्यासाठी’

ती टिपणं मराठीत काढायची, निबंध इंग्रजीत. मी तिला तसंच करू दिलं, आणि या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत कामाचा क्षण त्यातूनच आला.

तिच्या वहीत लिहिलं होतं, “ती घंटा तुमच्यासाठी वाजते.” मी विचारलं, ‘तुमच्यासाठी’ का? तर म्हणाली, मूळ शब्द ‘दी’ (thee) आहे, जुना, बायबलमधल्यासारखा, म्हणजे आदरार्थी असणार.

नेमकं उलट आहे. ‘दाऊ’ आणि ‘दी’ ही इंग्रजीतली एकवचनी, जवळिकीची रूपं. आज ती मुख्यतः जुन्या प्रार्थनांत उरल्यामुळे भारदस्त वाटतात, पण प्रार्थनेत ती आली तीच मुळी देवाला ‘तू’ म्हणायचं म्हणून. आपण देवाला अरे-तुरे करतो तसंच. म्हणजे डनचं वाक्य व्यासपीठावरून समस्त श्रोत्यांना उद्देशून नाही. एका माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलेलं ते ‘तुझ्यासाठी’ आहे.

तिने वही बंद केली आणि कादंबरी उघडली. हेमिंग्वेची पात्रं स्पॅनिश बोलतात असं गृहीत आहे आणि त्यांची स्पॅनिश त्याने मुद्दाम अवघडलेल्या इंग्रजीत आणली आहे. स्पॅनिशमधला ‘तू’ दाखवायला तो ‘दी’ आणि ‘दाऊ’च वापरतो. जॉर्डन तर पेशाने स्पॅनिशचा शिक्षक, मोंटानाच्या विद्यापीठातला. ‘यू’ म्हणणारी माणसं कुठे ‘दी’वर येतात, हे ती प्रसंगागणिक बघत गेली. शेवटच्या प्रकरणात पाय मोडून पडलेला जॉर्डन आपल्या प्रेयसीला, मारियाला, सांगतो की तू गेलीस म्हणजे मीही तुझ्याबरोबर गेलो, आपल्यातला एक जिथे असेल तिथे दोघं असतील. तिथे पुन्हा तोच सर्वनामाचा शब्द येतो, जो कादंबरीच्या पहिल्या पानावर डनच्या तोंडी होता.

इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलाला हे जाणवायला कदाचित जास्त वेळ लागला असता. त्याच्या रोजच्या बोलण्यात तू-तुम्ही हा भेदच उरलेला नाही. हे माझं मत, निबंधात ते नाही.

प्रसंगांची निवड

पंधराशे शब्दांत किती प्रसंग मावतात? पहिल्या खर्ड्यात नऊ होते. नवीन खर्ड्यात तिने चार ठेवायचं ठरवलं. तळहात, आन्सेल्मोचा प्रश्न आणि शेवट हे तीन नक्की होते. चौथ्यावर आमचं एकमत होईना.

तिला मारिया आणि जॉर्डनचं प्रेम हवं होतं, कारण एकरूपतेची भाषा तिथे उघड आहे. मी म्हणत होते तो तरुण घोडेस्वार घे. जॉर्डन त्याला गोळी घालतो आणि नंतर त्याच्या खिशातली पत्रं वाचतो. मुलगा नवारातल्या ताफायाचा, एकवीस वर्षांचा, लोहाराचा मुलगा. एक पत्र बहिणीचं. मग जॉर्डन स्वतःलाच विचारतो, आजवर किती मारले? वीसहून जास्त. त्यातले खरे फॅसिस्ट किती? खात्रीने सांगता येतील असे दोन.

माझा मुद्दा असा की आपल्या माणसाच्या मरणाने आपण उणे होतो हे सांगायला डन लागत नाही. त्याचा दावा ‘कोणत्याही’ माणसाबद्दल आहे, आणि त्याची कसोटी शत्रूपाशी लागते. तिने एक रात्र विचार केला आणि घोडेस्वार घेतला, पण मारियाही सोडली नाही. शेवटच्या प्रसंगात आणली. तिचा निर्णय माझ्यापेक्षा बरा होता. त्यामुळे शेवटच्या परिच्छेदात दोन्ही गोष्टी समोरासमोर आल्या. एकीकडे ‘तू जाशील तिथे मी’, आणि दुसरीकडे घोड्यावरून वर येणारा शत्रूकडचा लेफ्टनंट बेरेन्दो, ज्याच्यावर जॉर्डन नेम धरून बसला आहे. हा बेरेन्दो आधी आपल्या मेलेल्या मित्रासाठी प्रार्थना म्हणताना वाचकाला भेटलेला असतो. त्यानेच सोर्दो या दुसऱ्या गनिमी म्होरक्याच्या माणसांची मुंडकी कापायचा हुकूम दिलेला असतो, हेही तिने टाळलं नाही. जॉर्डनला बेरेन्दो माहीत नाही, वाचकाला माहीत आहे. घंटा ऐकू येते ती वाचकाला.

निष्पत्ती

निबंध मुदतीच्या आदल्या संध्याकाळी जमा झाला. वीसपैकी सोळा गुण मिळाले. परीक्षकांनी सर्वनामाच्या परिच्छेदापुढे बरोबरची मोठी खूण केली होती आणि दोन उणिवा दाखवल्या होत्या. स्पेनचं यादवी युद्ध जवळजवळ आलंच नाही. हेमिंग्वे 1937-38 मध्ये तिथे वार्ताहर होता याचा तर उल्लेखही नाही. आणि ‘दुःख हा ठेवा’ हा डनचा मुद्दा केवळ धार्मिक म्हणून झटकून टाकला, त्याच्याशी झुंज दिली नाही.

पहिली उणीव मान्य. दुसरी तिला मान्य नाही, मला आहे. जॉर्डन मरताना जे शिकतो ते ठेव्यासारखंच काहीतरी आहे, फक्त ते वटवायला देव नाही, असं तिला लिहिता आलं असतं. त्यासाठी दोनशे शब्द लागले असते आणि ते माझ्या पुलाखाली गाडले गेले होते.

पुन्हा केलं तर

पहिल्या भेटीत खर्डा वाचण्याआधीच मी विचारेन, दोन्ही मजकूर सलग वाचलेस का? हा प्रश्न अपमानास्पद वाटतो म्हणून आपण तो विचारत नाही.

स्वतःच्या कल्पना मी दोन दिवस खिशात ठेवीन. मार्गदर्शकाचं रूपक विद्यार्थी खोडत नाहीत, हा अनुभव मला नवीन नव्हता, तरी चुकले.

आणि सतराव्याबरोबर सोळावं आणि अठरावं चिंतनही वाचायला देईन. तिन्ही छोटी आहेत. सोळाव्यात शेजारच्या चर्चमधल्या घंटा डनला रोज दुसऱ्यांच्या अंत्ययात्रांतून स्वतःच्या दफनाची आठवण देतात. सतराव्यात घंटा कुणा एकासाठी संथ वाजते आहे, तो अजून जिवंत आहे. अठराव्यात तो गेलेला असतो.

ही दोन चिंतनं तिने सुट्टीत आपली आपण वाचली. एका रात्री तिचा निरोप आला: कादंबरी सुरू होते तेव्हा जॉर्डन जंगलात पाइनच्या सुयांवर पालथा पडलेला असतो आणि संपते तेव्हाही तो तसाच, छातीचे ठोके त्या सुयांवर पडताना त्याला जाणवतात. गोळी सुटलेली नाही, तो मेलेला नाही. “मॅडम, म्हणजे हेमिंग्वे सतराव्यातच थांबला. अठरावं त्याने लिहिलंच नाही.”

निबंध जमा होऊन तेव्हा महिना झाला होता.